शाळेतली सहायक साधने : धडधाकटांसाठी प्रवेशिका

ही पुस्तिका कोणासाठी?

पुण्यातल्या चारचौघांसारख्या शाळांत शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि त्या शाळा चालवणाऱ्या धडधाकट मंडळींसाठी. ज्यांना नीट दिसते, नीट ऐकू येते, जे जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात आणि ज्यांचे पेन कागदावर सरळ चालते, ते या विषयात साहजिकच मागे राहिलेले असतात. त्यात त्यांचा दोष नाही. घरात वातावरण नाही, सराव नाही, शिकवणारे कोणी नाही. योग्य वेळी मदत मिळाली तर तेही मुख्य प्रवाहात येऊ शकतात, असे तज्ज्ञांचे मत आहे. तज्ज्ञ म्हणजे ज्यांच्याकडे पांढरी काठी, कानातले यंत्र, चाकाची खुर्ची किंवा बोलणारा मोबाईल आहे ते. त्यांनी ही पुस्तिका वाचायची गरज नाही. हवे तर परीक्षक म्हणून नाव नोंदवावे.

अभ्यासासाठी पुणेच का निवडले, याचेही कारण आहे. राज्याची पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती १९६७ पासून याच गावात आहे. दहावी-बारावीची परीक्षा घेणारे राज्य मंडळ शिवाजीनगरला, शिक्षण संचालनालय सेंट्रल बिल्डिंगमध्ये, दिव्यांग कल्याण आयुक्तालय चर्च रस्त्यावर. भारतीय भाषा संगणकावर आणण्यासाठी राबलेली सी-डॅक १९८८ साली इथेच स्थापन झाली. पुणे अंधशाळा तर १९३४ पासूनची. एका दुपारी रिक्षाने या सगळ्यांच्या दारावरून फिरून येता येईल, अर्थात रिक्षावाला ‘तिकडे नाही जाणार’ म्हणाला नाही तर. अभ्यासक्रम, परीक्षा, दिव्यांग आणि संगणक असे चारही खांब गावात असताना याच गावातल्या एखाद्या सातवीतल्या मुलीला आपला मोबाईल आपल्याला धडा वाचून दाखवू शकतो हे ठाऊक नसते. ही किमया कशी साधते, ते पुढील धड्यांत क्रमाने पाहू.

धडा १ : साधन ओळखणे

उजवा हात उचलून नाकापर्यंत न्या. तिथे काच लागली तर अभिनंदन, आपण सहायक साधन वापरता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालात चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची आणि संवादाची ॲप्स एकाच पंक्तीला बसवली आहेत. जगात अडीच अब्जांहून अधिक लोकांना यांतले एक तरी साधन लागते आणि जवळजवळ एक अब्ज लोकांना ते मिळत नाही, असे हा अहवाल सांगतो.

या पंक्तीत चष्म्याचा मान मोठा. चष्मा लावून पेपर लिहिला म्हणून ‘बाकीच्यांवर अन्याय झाला’ असे कोणी म्हणत नाही. चष्मा घरी विसरला तर बाई स्वतःहून पहिल्या बाकावर बसवतात. चष्मा जडसंग्रह नोंदवहीत चढवून कपाटात ठेवत नाहीत. हीच वागणूक बाकीच्या साधनांना द्यायची, एवढाच खरे तर या विषयाचा अभ्यासक्रम. तरीही पुढचे धडे वाचावेत, कारण शेवटी चाचणी आहे.

आता ब्रेल पाटी हातात घ्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये जाड कागद अडकवलेला असतो. वरच्या पट्टीला खिडक्यांची रांग असते आणि प्रत्येक खिडकीत सहा ठिपक्यांची जागा. शलाकेने टोचत जायचे, तेही उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद उलटला की ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची असते. म्हणजे प्रत्येक अक्षर उलटे टोचायचे. आपल्या वर्गातला अंध मुलगा हे काम मागच्या बाकाशी गप्पा मारत करतो. आपण फक्त स्वतःचे नाव आरशात वाचता येईल असे लिहून पाहावे. जमेपर्यंत मधली सुट्टी संपेल.

जाता जाता एक माहिती. भारतीय भाषांसाठी एकच अशी भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली. तिच्यात मराठी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांचे ठिपके एकच आहेत, पहिला आणि तिसरा. मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम, या वादावर ब्रेलने आपल्यापुरता तोडगा काढून ठेवला आहे.

पांढऱ्या काठीविषयी एकच सूचना. काठीवाल्या मित्राचा दंड धरून त्याला ओढत नेऊ नका. विचारा, आणि तो ‘हो’ म्हणाला तर आपला कोपर पुढे करा. तो कोपर धरून अर्धे पाऊल मागे चालेल. तुम्ही वळलात, थांबलात, पायरी उतरलात हे त्याला तुमच्या कोपरातूनच कळते. काठीने तलवारबाजी करू नये. ती करायची असल्यास लाकडी पट्टी शाळेत उपलब्ध आहे.

धडा २ : साधन मिळवणे

कायदा सोपा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम १७ सांगते की लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तके, शिक्षणसाहित्य आणि योग्य ती सहायक साधने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत मिळावीत. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूदही आहे. वाक्य छोटे, रक्कम त्याहून छोटी, प्रवास मात्र मोठा :

१. ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मुलाला जे दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्याची टक्केवारी काढून आणावी. मग वैश्विक ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांखाली पांढरा पट्टा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. शाळेत कमी गुण पडले म्हणून रडणारे पालक इथे कमी टक्के पडले म्हणून रडतात, हे नवशिक्यांनी ध्यानात घ्यावे.

२. मोजमाप शिबिराला जावे. तिथे पाय, पाठ, कान यांची मापे घेतात. माप घेतल्यावर साधन येईपर्यंत थांबावे. दरम्यान मुलाने वाढू नये. वाढल्यास ती त्याची वैयक्तिक जबाबदारी राहील. केंद्राच्या योजनेत बारा वर्षांखालच्या मुलाला एका वर्षाने पुन्हा साधन मिळू शकते, हे मात्र पालकांनी पाठ करून ठेवावे. शिबिरात ते फलकावर लिहिलेले सापडेलच असे नाही.

३. वाटप समारंभाला वेळेवर हजर राहावे. चाकाच्या खुर्चीचे वाटप मंचावर होते. मंचाला पाच पायऱ्या असतात. मुलाला उचलून वर नेतात, खुर्चीत बसवतात, फोटो काढतात, पुन्हा उचलून खाली आणतात आणि खुर्ची त्याच्या मागून येते. शाल-श्रीफळ पाहुण्यांना मिळते.

४. साधन कसे वापरायचे ते खोक्यातल्या इंग्रजी पुस्तिकेत बारीक टाइपात छापलेले असते. मंददृष्टी मुलांसाठीच्या भिंगाची पुस्तिका वाचायलाही ते भिंग लागते.

धडा ३ : साधन सुरक्षित ठेवणे

हा या पुस्तिकेचा गाभा. साधन शाळेत आले की ते जडसंग्रह नोंदवहीत चढते. त्या क्षणापासून ते हरवले, फुटले, मोडले तर मुख्याध्यापक जबाबदार. ते कोणी वापरलेच नाही तर कोणीही जबाबदार नाही. या एवढ्या नियमावर पुढची कार्यपद्धती आपोआप उभी राहते :

अ. खोके उघडू नये. उघडावेच लागले तर ‘नग बरोबर’ अशी खात्री करून पुन्हा बंद करावे.

आ. कपाट लोखंडी असावे. किल्ली एकाकडे आणि कपाट दुसऱ्याच्या खोलीत असावे. दोघांच्या रजा शक्यतो एकाच आठवड्यात याव्यात.

इ. तपासणीच्या दिवशी साधने टेबलावर मांडावीत. खाली टेबलक्लॉथ घालावा. ज्या मुलासाठी साधन आले त्याला शेजारी उभे करावे, हात लावू देऊ नये.

ई. मूल दहावी होऊन गेले की ‘साहित्य सुस्थितीत’ असा शेरा मारावा. यथावकाश निर्लेखन करावे.

असे एखादे कपाट उघडून पाहिले तर काय दिसते? बटर पेपरात गुंडाळलेले भिंग, अजून हाताचा डाग न लागलेले. टेलर फ्रेम, म्हणजे अष्टकोनी भोकांची गणिताची पाटी. तिच्या भोकांत चौकोनी खिळे वेगवेगळ्या कोनांत बसवून अंध मुले आकडे मांडतात. खिळ्यांची पिशवी शिवलेली तशीच आहे. शेजारी बोलणारा कॅल्क्युलेटर. त्याचे सेल आतल्या आत फुटून पांढरट-हिरवी भुकटी बाहेर आली आहे. आणि तळाच्या फळीवर पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरला जोडलेला एकच बूट, सात वर्षांच्या पावलाचा.

भिंगाची काच निष्कलंक आहे, म्हणजे त्यातून कोणी भूगोलाचा नकाशा पाहिलेला नाही. खिळ्यांची पिशवी शिवलेली आहे, म्हणजे त्या पाटीवर एकही भागाकार चुकलेला नाही. वापरात असलेली वस्तू झिजते. काठीचे टोक घासते, शलाका बोथट होते, खुर्चीचे टायर गुळगुळीत होतात, सेल संपतात. तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘साहित्य सुस्थितीत आहे ना?’ असे विचारण्याऐवजी ‘यंदा काय काय मोडले?’ असे विचारावे. ज्या शाळेत वर्षभरात एकही सेल संपला नाही, तिथे खुलासा मागवावा.

धडा ४ : कानातले यंत्र

यंत्राचा सेल शर्टाच्या बटणाएवढा असतो. त्याच्या पाठीला रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो. मिनिटभर थांबून मग तो यंत्रात बसवावा. पट्टी पुन्हा चिकटवून उरलेला सेल वाचवता येत नाही. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या पेठांमध्ये हे विशेष समजावून सांगावे. पावसाळ्यात यंत्राला ओल लागते, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत झोपवतात.

कानात बसणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाचा असतो. मूल वाढते, साचा वाढत नाही. मग फट पडते आणि यंत्र बारीक शिट्टी मारू लागते. सर फळ्याकडून गर्रकन वळतात : “शिट्टी कोणी मारली?” वर्ग एकमुखाने एका मुलाकडे बोट दाखवतो. शिट्टी कोणी मारली हे वर्गात फक्त त्यालाच कळलेले नसते.

नवशिक्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की यंत्र लावले म्हणजे ऐकू आले. यंत्र आवाज मोठा करते. कोणता आवाज अभ्यासाचा आणि कोणता पंख्याचा, हे वर्गाच्या कोलाहलात त्याला नीटसे वेगळे काढता येत नाही. त्यामुळे बाईंचे ‘पानिपत’, मागच्या बाकाचे ‘सरक ना’, शेजारच्या तुकडीतले पाढे आणि रस्त्यावरच्या पीएमपी बसचा हॉर्न हे सगळे एकत्र मोठे होऊन कानात येते. उपाय तीन :

पहिला, फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पाठीला ओठ नसतात. मिशी राखायचा हक्क राज्यघटनेने दिला असला तरी ती वरच्या ओठाच्या वर थांबवावी.

दुसरा, फुटके टेनिस बॉल चिरून बाक-खुर्च्यांच्या पायांना घालावेत. ओढताना होणारी कर्कश करकर बंद होते. टेनिस बॉलचे क्रिकेट खेळणाऱ्या गावात कच्च्या मालाचा तुटवडा पडू नये.

तिसरा, शिक्षकांनी गळ्यात लावायचा छोटा मायक्रोफोन. त्यातून त्यांचा आवाज थेट त्या मुलाच्या यंत्रात जातो. अत्यंत उपयुक्त. तास संपल्यावर मात्र तो आठवणीने बंद करावा. न केल्यास शिक्षकखोलीत चहाबरोबर चाललेली मुख्याध्यापकांवरची चर्चा वर्गात एका मुलाला स्पष्ट ऐकू येते आणि त्या दिवसापुरता तो शाळेतला सर्वांत जास्त ऐकू येणारा विद्यार्थी ठरतो.

इतके सगळे जमले तरी आठवीच्या सुमारास एक दिवस मूल यंत्र काढून दप्तरात टाकते. मुली केस पुढे ओढून घेतात. यंत्र बिघडलेले नसते. कोणीतरी ‘ए रेडिओ’ म्हटलेले असते आणि चाळीस जण हसलेले असतात. अशा वेळी पालकांना बोलावून ‘मुलगा यंत्र वापरत नाही’ अशी तक्रार करण्याची प्रथा आहे. हसलेल्या चाळिसांच्या पालकांना बोलावण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही.

धडा ५ : बोलणारा संगणक आणि मुकी प्रश्नपत्रिका

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली. एनव्हीडीए ही त्यातली मोफत मिळणारी. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ती सुरू केली आणि जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणासोबत ती वाढवली. आज ती मराठीही वाचते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक नावाने असेच वाचणारे साधन असते, ते फक्त सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावे लागते. सरावलेली मुले त्याचा वेग इतका वाढवतात की शेजारी बसलेल्या धडधाकटाला नुसती भुणभुण ऐकू येते. घाबरू नये. सरावाने आपल्यालाही कळू लागेल. सवलतीचे गुण मागू नयेत.

असा बोलका संगणक गप्प कसा करावा, याच्या दोन खात्रीच्या पद्धती आहेत.

पद्धत पहिली : प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करावी. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत इंग्रजी कळांची अक्षरे साठवलेली असतात. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द स्क्रीन रीडरला अक्षर-अक्षर वाचायला लावला तर तो म्हणतो : ई, जे, के, बी, एच. पाहणाऱ्याला ‘मराठी’, ऐकणाऱ्याला ‘ई जे के बी एच’. या रीतीने मराठीच्या पेपरातून मराठीच संपूर्ण काढून टाकता येते, आणि डोळस शिक्षकाला पत्ताही लागत नाही.

पद्धत दुसरी : स्वाध्यायाचा मोबाईलवर फोटो काढावा आणि तो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकावा. फोटो आडवा असावा. एका कोपऱ्यात अंगठा यावा. टॉकबॅक त्याविषयी बहुतेक वेळा इतकेच सांगते : ‘चित्र’. दिवाळीच्या सुट्टीच्या अभ्यासाची पाच चित्रे, शुभेच्छांचे एक चित्र, सगळी सारखीच.

ज्यांना ही दोन्ही कौशल्ये विसरायची असतील त्यांनी युनिकोडमध्ये टाइप करावे आणि फाइल फाइल म्हणूनच पाठवावी. खर्च काही नाही. त्यासाठी ठरावही लागत नाही, म्हणून कदाचित हे होत नसावे.

पुस्तकांचा प्रश्न आला की ‘प्रकाशकाची परवानगी लागेल’ असे सांगून वेळ काढता येत असे. हे कारण आता जुने झाले. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढू देणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू आहे. तिथे सभासद कसे व्हायचे, हे आपल्या शाळेच्या ग्रंथपालांना विचारून पाहावे. हा प्रश्न चाचणीतही आहे.

उरला मोबाईल. शाळेत मोबाईल आणण्यास सक्त मनाई असते आणि ती योग्यच आहे. मात्र मंददृष्टी मुलीचा मोबाईल फळ्याचा फोटो मोठा करून दाखवतो, कर्णबधिर मुलाचा मोबाईल बाईंचे बोलणे जवळजवळ त्याच क्षणी मराठीत लिहून दाखवतो, आणि अंध मुलाचा मोबाईल धडा वाचतो. म्हणजे एका मोबाईलवर बंदी घालून तीन मुलांची साधने एकदम जप्त करता येतात. काटकसरीच्या दृष्टीने हा नियम आदर्श आहे. ज्यांना तो सैल करायचा असेल त्यांनी त्याखाली एक ओळ वाढवावी : ‘अभ्यासाचे साधन म्हणून लागणारा मोबाईल वगळून.’ शाळेच्या फळ्यावर तेवढी जागा असते.

धडा ६ : चाके आणि पायऱ्या

उताराचे गणित पाचवीच्या पातळीचे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. दाराशी १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटीमीटर आणि उताराची लांबी ५.४ मीटर. त्या जागी दीड मीटरचा उतार बांधून उद्घाटन केल्यास ती घसरगुंडी होते आणि तिची नोंद क्रीडासाहित्यात करावी लागते.

बरोबर लांबीचा उतार बांधला की लगेच त्यावर दुचाक्या उभ्या राहतात. पुण्यात यावर एकच उपाय लागू पडतो :

‘हा उतार आहे, पार्किंग नाही. अर्थ न समजल्यास आत येऊन पहिलीच्या वर्गात बसावे. जागा शिल्लक आहेत.’

दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असणे ही परंपरा आहे. ती कोणी सुरू केली याची नोंद मिळत नाही. वर्गात चाकाच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी आला तर लिफ्टच्या निधीसाठी पत्रव्यवहार सुरू करावा. तो पूर्ण होईपर्यंत विद्यार्थी पदवीधर होतो. दुसरा मार्ग म्हणजे वर्गच खाली आणणे. त्याला एक खडू लागतो, दारावरची ‘८ अ’ ही पाटी पुसून ‘१० अ’ लिहिण्यापुरता.

धडा ७ : न बोलता बोलणे

काही मुलांना कळते सगळे, पण बोलता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रांवर बोट ठेवले की बोलणारी ॲप्स आहेत. आयआयटी मुंबईत घडलेले ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे ॲपही बऱ्याच ठिकाणी वापरतात.

अशा ॲपमध्ये पहिले शब्द मोठी माणसे भरतात. म्हणून त्यात ‘पाणी’, ‘शू’, ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद बाई’ एवढे हमखास असते. ‘नको’, ‘कंटाळा आला’, ‘तो खोटं बोलतोय’ आणि ‘माझ्या डब्याला हात लावू नकोस’ ही बटणे वर्गातल्या मुलांनी सुचवल्याशिवाय येत नाहीत. ती आली की मूल वर्गात खऱ्या अर्थाने बोलू लागते. पहिल्याच आठवड्यात त्याला बडबडीबद्दल बाकावर उभे राहण्याची शिक्षा झाली तर समावेशित शिक्षण यशस्वी झाले असे समजावे. उभे राहता येत नसल्यास बसून.

धडा ८ : लेखनिक

सगळी साधने आली तरी परीक्षेत बहुतेक वेळा साधन म्हणून माणूसच लागतो. तो लेखनिक. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, हुशार हवा पण फार नको, अक्षर वाचता येण्याजोगे हवे आणि नेमक्या त्या दिवशी मोकळा हवा. असा नववीतला मुलगा मार्चमध्ये मागायला गेले की त्याचे आईवडील म्हणतात, “आमच्याच्या परीक्षा आहेत हो.” शेवटी एखादी संस्था, एखादा गट, एखादी ओळखीची ताई धावून येते. दहावीला तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. त्यांतली पंधरा मिनिटे लेखनिकाला ‘अवतरणचिन्ह दे, पूर्णविराम दे, प्रमेयातला कोन बीएसी आहे, एबीसी नाही’ हे सांगण्यात जातात.

यावर काही जण विचारतात, की मूल वर्षभर संगणकावर लिहीत असेल तर पेपरही संगणकावर का लिहू नये? प्रश्न चांगला आहे. मात्र त्यासाठी ते मूल वर्षभर संगणकावर लिहीत असले पाहिजे, आणि त्यासाठी धडा ३ मधले कपाट उघडले पाहिजे. मार्चमध्ये लेखनिकासाठी होणारी धावपळ जूनमध्ये न सापडलेल्या किल्लीपासून सुरू होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : हा बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?
उत्तर : चष्मा काढून एक पेपर लिहून दाखवावा. मग बोलू.

प्रश्न : आमच्या शाळेत असे एकही मूल नाही. मग साधने कशाला?
उत्तर : २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतली शाळेच्या वयाची मुले आपल्याकडे का आली नाहीत, हे प्रवेशाच्या दिवसांत फाटकाशी उभे राहून पाहावे. काही पालक जिन्याकडे पाहूनच परत जातात.

प्रश्न : वर्गाला साधनाविषयी सांगितले तर मुले चिडवतील ना?
उत्तर : न सांगतासुद्धा चिडवतात. साधन एक तास वर्गात फिरवले, सर्वांनी शलाका टोचून पाहिली, खुर्ची चालवताना उंबऱ्याला अडकून पाहिले, की दुसऱ्या दिवशी ‘मला पण दे ना’ अशी रांग लागते. ज्या वस्तूसाठी रांग लागते तिच्यावरून कोणी चिडवत नाही. एक तास मोकळा नसेल तर कार्यानुभवाचा घ्यावा. तो गणिताला दिलेला असतोच, परत मागावा.

प्रश्न : या सगळ्याचे प्रशिक्षण शिक्षकांना कोण देणार?
उत्तर : सोयीची तारीख कळवावी. आपल्या शाळेतला सातवीतला विद्यार्थी तयार आहे. मानधन घेत नाही. खोली तळमजल्यावर असावी.

चाचणी (गुण २०)

१. जवळच्या कोणत्याही मोबाईलवर टॉकबॅक चालू करा. डोळे मिटून आईला फोन लावा. भलत्यालाच लागल्यास बोलून घ्या. (४)

२. आपल्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतली सहायक साधने शोधा. प्रत्येकापुढे ती वापरणाऱ्या मुलाचे नाव लिहा. नाव न सापडल्यास किल्ली कोणाकडे आहे ते लिहा. (५)

३. मागच्या चाचणीची प्रश्नपत्रिका स्क्रीन रीडरने वाचून घ्या. जे ऐकू आले ते जसेच्या तसे लिहा आणि त्याची उत्तरे द्या. (४)

४. सुगम्य पुस्तकालयाची माहिती ग्रंथपालांकडून घ्या. ‘ते काय असतं?’ हे उत्तर मिळाल्यास अर्धे गुण. माहिती तुम्हीच त्यांना दिल्यास पूर्ण. (३)

५. वर्गात साधन वापरणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला विचारा, ‘तुला आणखी काय लागतं?’ उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मध्येच ‘बिचारा’, ‘धन्य’ किंवा ‘प्रेरणादायी’ हे शब्द आल्यास प्रत्येकी एक गुण वजा. (४)

सूचना : वेळ एक तास. कमी पडल्यास तासाला वीस मिनिटे वाढवून मिळतील. त्यासाठी आपण किमान ४० टक्के धडधाकट असल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दोन साक्षांकित प्रतींसह, महिनाभर आधी, दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात समक्ष आणून द्यावे. संबंधित कर्मचारी सध्या रजेवर आहेत.